42 चौकोनांचा तक्ता, एक बादली आणि आजीची बस

सुट्टी लागायच्या आदल्या रात्री मी बसून एक तक्ता केला. सहा आठवडे गुणिले सात दिवस, 42 चौकोन, प्रत्येक चौकोनात एक अ‍ॅक्टिव्हिटी, तेही रंगीत पेनांनी, आणि मोठ्या अभिमानाने फ्रिजवर चिकटवला. चौथ्या दिवशी मीच तो फाडला. उन्हाळ्यात जे काही बरं झालं ते सगळं त्याच्यानंतर झालं, म्हणून सविस्तर लिहून ठेवतेय, कारण पुढच्या वर्षी मी परत पेनं घेऊन बसणार हे मला माहितीय.

आमची परिस्थिती आधी सांगते. मोठा साडेसहा वर्षांचा, धाकटी साडेतीनची. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, वॉकर घेऊन चालत होत्या, त्यामुळे बाहेरगावी जायचा विषयच नव्हता. नवरा सकाळी जातो तो संध्याकाळी सहाला उगवतो. माझं काम घरून, रोज साधारण पाच तास, त्यातले दोन तास फोनवर. मोठ्यासाठी एक शिबिर बघितलेलं पण धाकटीला तिथे घेत नव्हते, आणि त्याला एकट्याला पाठवून हिला घरी ठेवायचं म्हणजे रोज सकाळी जो गोंधळ झाला असता तो विचार करूनच मी नाद सोडला. हाताशी काय होतं तर दोन खोल्या, एक बाल्कनी, खाली सगळ्यांचं मिळून एक अंगण आणि चालत दहा मिनिटांवर एक बाग. बास.

तक्ता का फाडला

पहिल्या दिवशी पानांचे ठसे होते. मी पाऊण तास तयारी केली, पानं धुतली, रंग कालवले, जुने पेपर पसरले, पोरांनी जेमतेम दहा मिनिटं ठसे मारले आणि मोठ्याने मान वर करून विचारलं, "आता काय?" हा "आता काय" पुढचे तीन दिवस माझ्या मागे लागला. मी जितकं जास्त ठरवून देत होते तितका तो जास्त वेळा विचारत होता. त्याचं तरी काय चुकलं, पुढचा चौकोन फ्रिजवर आहे आणि तो आईला विचारायचा असतो हे त्याला मीच शिकवलेलं.

चौथ्या दिवशी मणी ओवायचे होते. मणी ज्या खोक्यातून आले होते त्या खोक्यात धाकटी जाऊन बसली आणि झाकण डोक्यावर ओढून घेतलं. मी म्हणतेय खोका ठेव, मणी ओव. ती म्हणतेय मी घरी नाहीये. मी परत, बाळा मणी. असं तीनचारदा झाल्यावर माझा आवाज चढला आणि पलंगावरून सासूबाई म्हणाल्या, "अगं ती खेळतेय की. तूच का रडकुंडीला आलीयस?"

मला राग आला, खोटं कशाला बोला. पण रात्री पोरं झोपल्यावर तक्ता बघितला तर उरलेल्या 38 चौकोनांमध्ये एकही गोष्ट अशी नव्हती जी माझ्याशिवाय सुरू होईल. म्हणजे मी सुट्टीचं नाही, स्वतःच्या ओव्हरटाइमचं वेळापत्रक बनवलेलं. फाडला.

बाहेर काय ठेवलं

त्याच रात्री फोनवर शोधता शोधता दोन गोष्टी वाचल्या, त्यांनी डोक्यात दिवा लागला. एक म्हणजे 1943 साली डेन्मार्कमध्ये कोपनहेगनजवळ एमड्रुप इथे एक भंगाराचं मैदान सुरू झालेलं. सी. टी. सोरेन्सन नावाच्या लँडस्केप आर्किटेक्टच्या लक्षात आलेलं की मुलांना तयार बागेपेक्षा बांधकामाच्या जागेवरचं सामान जास्त आवडतं, म्हणून मग तिथे घसरगुंडी झोपाळ्यांच्या ऐवजी फळ्या, विटा, दोऱ्या असलं सामान. दुसरं म्हणजे 1971 मध्ये सायमन निकोल्सन या माणसाने मांडलेली कल्पना, की ज्या जागेत हलवता येतील, जोडता येतील, मोडता येतील अशा सुट्या वस्तू जास्त तिथे मुलं जास्त डोकं चालवतात. आपल्याकडे फळ्या विटा नाहीत आणि साडेतीन वर्षांच्या पोरीच्या हातात वीट द्यायची हिंमतही नाही, पण मुद्दा कळला. वस्तू अशी हवी की तिचं काय करायचं हे वस्तूवर लिहिलेलं नसतं.

मग बाल्कनीच्या एका कोपऱ्यात सामान लावलं. सहा खोके, त्यातला एक पोरगं आत मावेल एवढा. कपडे वाळत घालायच्या दोरीचा जुना तुकडा, दोन फाटक्या चादरी, कपड्यांचे चिमटे, खडू, बागेतून आणलेले मुठीएवढे दगड. बादली, मग, तीन वेगवेगळ्या आकाराच्या बाटल्या, गाळणं, स्पंज. विकत काहीच आणलं नाही. जे मुद्दाम पोरांपासून लांब ठेवलं त्यात नाणी, मणी (हो, तेच), फुगे, छोटी चुंबकं आणि घड्याळातले बटण सेल, कारण धाकटी अजून गोष्टी तोंडात घालते आणि बटण सेल गिळला तर काही तासांत अन्ननलिका भाजते, ती रिस्क कुठल्याच खेळासाठी नको. दोरीचा तुकडाही वीतभर लांबीचाच ठेवला, गळ्यात अडकण्याइतका लांब नाही, आणि चादर बांधायची असेल तेव्हा मोठी दोरी माझ्याकडून मागून घ्यायची. बाल्कनीचा कठडा चांगला उंच आहे तरी खोके नेहमी आतल्या भिंतीकडे, कारण खोका म्हणजे पोरांच्या दृष्टीने पायरीच.

आमच्यासाठी नियम एकच केला, खेळ आपण सुरू करायचा नाही. बोलावलं तर जायचं, बोलावलं नाही तर लांबून लक्ष ठेवायचं.

पहिले दोन दिवस हा नियम पाळणं म्हणजे शिक्षा होती. "आई कंटाळा आला." "हं." "आई खूऽप कंटाळा आला." "हो का." मोठा जमिनीवर आडवा झाला, पाय भिंतीला लावले, घशातून मोटरसारखा आवाज काढत राहिला. धाकटी त्याला बघून आडवी झाली. माझा जीव वरखाली, आता उठून काहीतरी सुचवावं असं दर मिनिटाला वाटत होतं. मी घड्याळ लावून बघितलं, वीस ते पंचवीस मिनिटं हे चालायचं. मग कधीतरी त्याच्या पायाला खोका लागायचा, खोका घसरायचा, त्याला तो आवाज आवडायचा, आणि पुढचा तास मला कुणी हाक मारायचं नाही. जवळजवळ दर वेळी हेच. आधी त्या वीस मिनिटांच्या पाचव्या मिनिटाला मी काहीतरी सुचवत होते किंवा मोबाइल देत होते, म्हणून पलीकडे काय आहे ते मला कधी दिसलंच नव्हतं.

पाणी

सगळ्यात जास्त चाललेला खेळ पाण्याचा. वेळ ठरलेली, अंघोळीच्या आधी एक तास, जागा फक्त बाल्कनी, एकच बादली आणि तीही अर्धी, उरलेलं पाणी कुंड्यांना.

एक दिवस धाकटी पसरट वाडग्यातलं पाणी उंच निमुळत्या बाटलीत ओतत होती. ओतून झाल्यावर बाटली दोन्ही हातांनी धरून मला दाखवायला आली, "जास्त झालं!" मोठा म्हणाला, "तेवढंच आहे." ती म्हणाली, "वर आलंय बघ." त्याने परत वाडग्यात ओतून दाखवलं. ती म्हणाली, "आता कमी झालं." तो इतका चिडला की पाय आपटायला लागला, त्याला कळेना की हिला एवढी साधी गोष्ट का दिसत नाहीये. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने नेमका हाच प्रयोग मुलांवर केलेला, साधारण सातव्या वर्षापर्यंत बहुतेक मुलं उंची बघून जास्त-कमी ठरवतात. माझ्या बाल्कनीत तो फुकटात चालला होता आणि दोन्ही बाजूंचे वकील ओले. मी मध्ये पडले नाही. चौदाव्या की पंधराव्या ओतण्याला धाकटी जरा थांबली, बाटलीकडे बघितलं, वाडग्याकडे बघितलं, आणि म्हणाली "दादा, तू वेडा आहेस" आणि गाळण्याकडे गेली. म्हणजे काही पटलंबिटलं नाही. पण थांबली होती ती.

दुसरं म्हणजे पाण्याने चित्र काढणं. जुना रंगाचा ब्रश, मगभर पाणी, आणि तापलेली फरशी. मोठ्याने स्वतःचं नाव लिहिलं, शेवटच्या अक्षरापर्यंत पोचेस्तोवर पहिलं अक्षर गायब. पहिल्यांदा त्याने बहिणीवर आळ घेतला. मग त्याने सावलीत एक आणि उन्हात एक अशी दोन नावं लिहिली आणि कुठलं आधी जातं ते बघत उकिडवा बसला. बाष्पीभवन हा शब्द मी घशातच ठेवला.

आता चुकीबद्दल. तिसऱ्या आठवड्यात पाणी-खेळ संपला, मला फोन आला, मी बोलत बोलत आत आले आणि बादली तशीच राहिली. पाणी वीतभरही नसेल. चारपाच मिनिटांनी मागे वळून बघितलं तर धाकटी तळाशी पडलेला स्पंज काढायला बादलीत वाकलेली, पाय जमिनीवरून उचललेले, आणि अजिबात आवाज नाही. मी फोन टाकून धावले, तिला उचललं, तिला काही झालेलं नव्हतं, उलट स्पंज सुटला म्हणून ती माझ्यावरच ओरडली. मी मात्र अर्धा तास थरथरत होते. एवढ्या लहान मुलांचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं, डोक्याकडून आत गेली की त्यांना स्वतःला मागे ओढता येत नाही, आणि बुडायला काही सेंटिमीटर पाणी पुरतं. बुडणारं मूल ओरडत नाही. हे सगळं मला आधीपासून माहिती होतं, वाचलेलं होतं, तरी झालं. त्या दिवसापासून पाणी बाहेर असेतोवर मोठं माणूस हाताच्या अंतरावर आणि फोन आतल्या खोलीत, आणि उठायच्या आधी बादली उपडी. लांबून लक्ष ठेवायचा जो आमचा नियम होता तो पाण्याला लागू नाही, हे मी पहिल्याच दिवशी ठरवायला हवं होतं.

ऊन, मुंग्या आणि लेट येणारा चंद्र

दिवसाचा आकार हळूहळू आपोआप बसला. सकाळी लवकर अंगण नाहीतर बाग, मग पाणी, दुपारी आत, संध्याकाळी परत बाहेर. आत कधी यायचं यावरून रोज भांडण व्हायचं, ते सावलीने मिटवलं. अंगणात उभं राहायचं, आपली सावली आपल्यापेक्षा बुटकी झाली की आत. सूर्य 45 अंशांच्या वर गेला की सावली उंचीपेक्षा लहान होते, आणि तेव्हाच ऊन जास्त बाधतं. लहान मुलांचं शरीर वजनाच्या मानाने पृष्ठभाग जास्त असल्यामुळे लवकर तापतं, शिवाय खेळात त्यांना तहान लागलेली कळतही नाही, त्यामुळे सावली मोजताना दर वेळी दोन घोट पाणी हे पण ठरलेलं. मी म्हटलं असतं "ऊन वाढलं, चला" तर अर्धा तास हुज्जत झाली असती. सावलीशी कोण हुज्जत घालणार? मोठा स्वतःच पोलीस झाला, आणि एकदा मलाच म्हणाला, "आई, तू बुटकी झालीस, चल."

बागेत आम्ही रोज एकाच वाटेने जायचो. मला आधी वाटलेलं कंटाळतील, वाटा बदलायला हव्यात. उलट झालं. वाट तीच असल्यामुळे काय बदललंय ते त्यांना दिसायला लागलं. कंपाउंडच्या भिंतीवर मुंग्यांची एक रांग होती, तिथे रोज थांबा. एकदा मोठ्याने ओलं बोट रांगेवरून आडवं फिरवलं तर मुंग्या तिथे येऊन अडखळल्या, डावीकडे उजवीकडे करायला लागल्या, मागून येणाऱ्यांची गर्दी झाली. मुंग्या वासाचा माग सोडत जातात आणि पुढच्या त्या वासावर चालतात, तो वास पुसला गेला एवढंच सांगितलं. थोड्या वेळाने एक कुणीतरी पलीकडे पोचली आणि रांग परत जुळली. धाकटी भिंतीला नाक लावून वास घ्यायचा प्रयत्न करत होती आणि येणारे जाणारे आमच्याकडे बघत होते. बघू देत.

रात्रीचं मात्र आपोआप जमलं. झोपायच्या आधी बाल्कनीत चंद्राला गुड नाइट म्हणायची सवय लागली, पौर्णिमेपर्यंत सगळं मजेत. त्यानंतर दुसऱ्या तिसऱ्या दिवशी चंद्र गायब. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, त्यामुळे पौर्णिमेनंतर तो आमच्या झोपायच्या वेळेत येतच नाही. मोठ्याने भिंतीवर खडूने हजेरी मांडली, "चंद्र लेट", "चंद्र लेट", "चंद्र आला नाही". धाकटीला वाईट वाटलं, कारण तिच्या मते त्यालाही शाळेची सुट्टी लागली. मग एका सकाळी बागेत जाताना तो पश्चिमेला फिकट पांढरा दिसला आणि दोघंही रस्त्यात उड्या मारायला लागले की सापडला, सापडला.

जे जमलं नाही

हॉलमध्ये चादरीचा तंबू करून सगळ्यांनी त्यात झोपायचं, हे माझं लाडकं स्वप्न, रात्री साडेअकराला दोघं रडत आपापल्या जागी गेले आणि नवरा एकटाच तंबूत घोरत राहिला. निसर्गाची डायरी, दोन पानं. शेजारच्या मुलाला रोज बोलावणं, तिसऱ्या दिवसापासून तीन पोरांची भांडणं सोडवण्यात माझं काम बुडायला लागलं म्हणून आठवड्यातून दोनदा केलं.

दोघांनी एकत्र खेळावं ही माझी अजून एक हौस. मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईने 1932 मध्ये मुलांच्या खेळाचे प्रकार मांडलेत, त्यात एक प्रकार आहे शेजारी बसून तसंच काहीतरी पण आपापलं खेळायचं. धाकटीचं बरचसं तेच चालायचं. तो बोगदा करतोय, ती बाजूला बसून स्वतःचा दगड आत ढकलतेय. मी "दोघं मिळून करा ना" म्हटलं की पाच मिनिटांत रडारड. म्हणणं बंद केलं, रडारड पुष्कळ कमी झाली.

स्क्रीन बंद झाली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांत तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाच्या वर बसून स्क्रीन नको आणि सगळं मिळून 180 मिनिटं हालचाल हवी असं आहे. हालचालीचं आमचं सहज व्हायचं, कुठल्या क्लासशिवाय. स्क्रीनचं माझ्या मोठ्या मीटिंगच्या दिवशी व्हायचं नाही, त्या दिवशी दीड तास, कधी दोनही, आणि त्याचा अपराधी भाव मी चौथ्या आठवड्यात सोडून दिला. पसाऱ्याबद्दल तर बोलायलाच नको, मशीन रोज एक जादा खेप आणि हॉलच्या भिंतीला कमरेइतक्या उंचीपर्यंत खडू.

आता बसचं. ती माझ्या तक्त्यात नव्हती आणि कोपऱ्यातल्या सामानातही नव्हती. सासूबाईंना दिवसातून चारपाच वेळा घरात फेऱ्या मारायला सांगितलेलं आणि त्या टाळत होत्या, दुखतं म्हणून, आणि मला वाटतं लाजही वाटत होती वॉकरची. दुसऱ्या आठवड्यात मोठ्याने पलंगापासून दारापर्यंत फरशीवर खडूने रेघा मारल्या, ते स्टॉप. वॉकर म्हणजे बस, आजी ड्रायव्हर. धाकटी कंडक्टर, तिच्याकडे चिंचोळ्या पानांची तिकिटं. प्रत्येक स्टॉपला थांबायचं, एक टेडी उतरायचा, एक चढायचा, वॉकरला कापडी पिशवी बांधलेली त्यात. "आजी, बस सोडा, लेट झालं." सासूबाई पहिल्या दिवशी दोन फेऱ्या करून बसल्या. तिसऱ्या दिवशी कंडक्टरने त्यांना दुपारी झोपेतून उठवलं. मी धास्तावून पोरांना सांगितलं की बसच्या पुढून पळायचं नाही, बस चालू असताना फरशीवर पाण्याचा थेंब नको, खेळणी रस्त्यात नकोत, आणि हे नियम त्यांनी माझे म्हणून पाळले नसते पण ट्रॅफिकचे म्हणून पाळले. पाचव्या आठवड्यात दिवसाला सहा फेऱ्या व्हायला लागल्या.

शेवटच्या आठवड्यात तपासणी झाली, डॉक्टरांनी वॉकर सोडून काठी घ्यायला सांगितलं. आम्ही मोठी माणसं खूश, घरी आल्यावर पोरांची तोंडं पडलेली. बस बंद झाली ना. धाकटी पानांची तिकिटं मुठीत धरून पलंगापाशी उभी, मोठा काठी उलटसुलट करून बघतोय, चाकं नाहीत, पिशवी अडकवायला जागा नाही, दोन टेडी कुठे बसवणार. सासूबाईंनी काठी त्याच्या हातातून घेतली, उभ्या राहिल्या, तोल सावरला आणि म्हणाल्या, "बस नाही रे ही. स्कूटर आहे. एकाच टेडीला जागा, कोण येतंय?"